बऱ्याच वर्षांनी पापनिवेदन: राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत

शेवटचं पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, कधी केलं ते नीट आठवत नाही, ईस्टरआधीच्या दर उपवासकाळात जायचं ठरतं आणि ईस्टर उलटून जातो, अशांसाठी हे लिहितोय. २०२५ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, ५ मार्चला होता आणि ईस्टर २० एप्रिलला. त्या मधल्या काळात मी हे काम एकदाचं पुरं केलं. आत काय सांगितलं ते इथे वाचायला मिळणार नाही, त्याचा कुणाला उपयोगही नाही. काय करायचं असतं, कुठे अडतं आणि का अडतं, तेवढं लिहितो.

सगळा संदर्भ कॅथलिक चर्चचा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी कबुली थेट देवापुढे किंवा उपासनेत सगळ्यांनी मिळून होते. लुथरन परंपरेने मात्र १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रात खाजगी पापमुक्ती राखली, फक्त एकूण एक पाप मोजून सांगण्याची सक्ती काढली.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढे निराशा होते. पापाची क्षमा आणि पापाचे परिणाम हे दोन वेगळे हिशेब आहेत. बायबलमधल्या २ शमुवेलच्या बाराव्या अध्यायात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. दाविद राजाने बथशेबेशी व्यभिचार केलेला, तिचा नवरा उरिया याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलेलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर दाविद कबूल करतो, आणि त्याच तेराव्या वचनात उत्तर येतं की परमेश्वराने पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. मध्ये कसलीही मुदत नाही. पण तलवार तुझ्या घरातून जाणार नाही हे त्याआधीच सांगून झालेलं आहे, आणि तो शब्द मागे घेतला जात नाही. दाविदाचं पुढचं घरगुती आयुष्य वाचलं की त्याचा अर्थ कळतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातही तसंच. काटेकुसळं, घाम, बागेबाहेर जाणं, सगळं होतं. तरी क्रम बघा: देव कातड्याची वस्त्रं करून त्यांना घालतो ते २१ व्या वचनात, आणि बागेबाहेर काढतो ते २३ व्या. परिणाम टळत नाहीत, पण त्यांना तोंड द्यायला माणसाला उघडं पाठवलेलं नाही. मला या सगळ्या प्रक्रियेची किल्ली या दोन वचनांच्या क्रमातच वाटते.

आता तयारी. मार्चचे पहिले दिवस कागद-पेन घेऊन बसण्यात गेले. चर्चमधल्या पत्रकांवर दहा आज्ञांनुसार प्रश्न छापलेले असतात. महिन्याभराचा आढावा घ्यायला ते ठीक, पण मध्ये वर्षानुवर्षं गेली असतील तर नुसती यादी वाचून काही हाती लागत नाही. त्याऐवजी आयुष्याचे टप्पे पाडा: शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, मुलं, आईवडिलांचं म्हातारपण. मग एकेका टप्प्याला दहाही आज्ञा लावून बघा. माणसं, जागा आणि पैसे या तीन गोष्टी आठवल्या की बाकीचं मागोमाग येतं. जे केलं त्याबरोबर जे करायला हवं होतं आणि केलं नाही तेही धरा. मत्तयच्या २५ व्या अध्यायातल्या न्यायाच्या प्रसंगात डाव्या बाजूच्या लोकांवर ठेवलेले आरोप सगळे न केलेल्या गोष्टींचे आहेत, हे बहुतेक पत्रकांतून निसटतं.

मग गंभीर पाप आणि क्षुल्लक पाप वेगळं करायचं. गंभीर, म्हणजे मरणप्राय, पापाला तीन अटी लागतात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असणं आणि जाणूनबुजून संमती देणं. एक जरी नसली तरी पाप मरणप्राय ठरत नाही. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आळसाने चुकवणं गंभीर आहे. आजारपणात किंवा तान्ह्या बाळाची काळजी घेताना चुकली तर ते पापच नाही, त्यामुळे असे रविवार यादीत घालून स्वतःला छळू नका. व्यसन किंवा जुनी सवय असेल तर संमती किती पूर्ण होती हे आपलं आपल्याला ठरवता येत नाही. आहे तसं सांगा आणि तोलणं फादरांवर सोडा.

१९८३ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाचं, ९८८ वं कलम म्हणतं की गंभीर पापं प्रकार आणि संख्या दोन्हींसह सांगायची. इथेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. वीस वर्षांत किती वेळा खोटं बोललो हे कोण मोजणार? तशी अपेक्षाही नाही. ‘साधारण पाच वर्षं, आठवड्यातून एकदोनदा’ हे पुरतं. प्रकार मात्र नेमका हवा. ‘पैशांच्या बाबतीत चुकलो’ याला काही अर्थ नाही. चोरी, लाच, मजुरी दाबून ठेवणं आणि उसने बुडवणं ही वेगवेगळी पापं आहेत. ज्या तपशिलाने पापाचा प्रकारच बदलतो तेवढाच सांगायचा: खोटं बोललो ते शपथेवर का, संबंध ठेवले तेव्हा दोघांपैकी कुणी विवाहित होतं का. कथा, कारणं, समोरच्याचं नाव यातलं काही लागत नाही. विशेषतः दुसऱ्याची पापं सांगू नका. नवरा-बायको आणि सासू-सून या विषयांवर निम्मा वेळ दुसऱ्याच्या कबुलीत जातो, हे कुठलेही फादर सांगतील.

यादी कागदावर नेली तर चालते. मोबाइलमध्ये लिहू नका. तो दुसऱ्याच्या हातात जातो आणि त्यातल्या नोंदींच्या प्रती आपोआप कुठे कुठे साठतात. कागदावरही आपल्यालाच कळतील असे तुटक शब्द लिहा, आणि काम झालं की फाडून टाका.

पश्चात्तापाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ‘मला आतून काही वाटत नाही, मग जाऊन काय करू’ हे न जाण्याचं सगळ्यात टिकाऊ कारण आहे. चर्चच्या शिकवणीत पश्चात्ताप दोन पातळ्यांवर आहे. देवावरच्या प्रेमापोटी झालेला तो परिपूर्ण. आणि पापाची किळस वाटून किंवा त्याच्या परिणामांच्या भीतीने झालेला तो अपुरा. पापनिवेदनाच्या संस्कारविधीबरोबर अपुराही चालतो. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, भीतीपोटी आलेल्या या पश्चात्तापालाही पवित्र आत्म्याची प्रेरणा म्हटलं आहे, ढोंग नव्हे. रडू यायची गरज नाही. लागतो तो निश्चय: हे पुन्हा करायचं नाही आणि जिथे ते घडतं त्या वाटेला जायचं नाही. पुन्हा घडेल अशी धास्ती असली तरी निश्चय खरा असू शकतो. पण उद्या तेच करायचं आज ठरवलेलं असेल तर तो निश्चय नाही, आणि अशा वेळी फादर पापमुक्ती पुढे ढकलू शकतात.

माझी यादी मार्चच्या मध्यावर तयार झाली. पुढचा प्रश्न, कुणाकडे आणि कधी जायचं. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार असलेल्या कुठल्याही धर्मगुरूकडे जाता येतं, आपल्याच धर्मग्रामात (आपण राहतो त्या भागाच्या चर्चमध्ये) जायची सक्ती नाही. ओळखीच्या फादरांपुढे संकोच वाटत असेल तर सरळ दुसऱ्या चर्चमध्ये जा, हा तुमचा हक्क आहे. भाषेची अडचण असेल तर दुभाषाही घेता येतो, आणि त्याच्यावरही गुप्ततेचं बंधन असतं. जाळीआडून बोलायचं की समोरासमोर, हे सांगण्यासारखं आहे: ९६४ व्या कलमानुसार मध्ये पक्की जाळी असलेली जागा उपलब्ध असायलाच हवी. इतक्या काळाने जाणाऱ्याला मी जाळीच सुचवेन. समोर चेहरा असला की आपण त्यावरचे भाव वाचत बसतो आणि त्याप्रमाणे शब्द बदलतो.

वेळेचं गणित असं आहे. बहुतेक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी किंवा मिस्सेच्या आधी पापनिवेदन ऐकतात. मागे रांग असते आणि एकेकाला पाचेक मिनिटं मिळतात. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात तर तेवढीही नाहीत. २८ आणि २९ मार्चला ‘प्रभूसाठी २४ तास’ होते. २०१४ पासून उपवासकाळातल्या चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी हा उपक्रम होतो आणि अनेक चर्च बराच वेळ उघडी राहतात. वातावरण चांगलं असतं, पण लांबलचक हिशेबाला ती जागा नव्हे. मी चर्चच्या कार्यालयात फोन करून ‘बऱ्याच वर्षांनी येतोय, थोडा वेळ लागेल’ एवढंच सांगितलं. कारण कुणी विचारलं नाही. १ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळची वेळ मिळाली. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापमुक्ती मिळत नाही, जावंच लागतं. सामूहिक प्रायश्चित्तविधीत वाचनं आणि प्रार्थना सगळ्यांच्या मिळून होतात, कबुली मात्र एकेकट्याची. एकगठ्ठा पापमुक्ती मरणाच्या धोक्यात किंवा तशाच मोठ्या अडचणीत देतात, आणि तेव्हाही गंभीर पापं नंतर एकट्याने सांगावी लागतातच.

खर्च काहीही नाही. कुणाला काही द्यायचं नसतं, दानपेटीत टाकायचीही अपेक्षा नसते.

दाराबाहेर वाट बघताना छाती धडधडते, ती धडधडणारच. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे: सगळ्यात जड गोष्ट आधी सांगायची. हलक्याफुलक्या गोष्टींनी सुरुवात केली की जड गोष्ट शेवटी जाते, मग वेळ संपत आल्यासारखा वाटतो आणि ती तोंडातच राहते.

आतला क्रम साधा आहे. क्रुसाची खूण करायची. ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे’ म्हणून शेवटचं पापनिवेदन किती वर्षांपूर्वी झालं ते सांगायचं. आपण विवाहित, अविवाहित की व्रतस्थ हेही एका शब्दात सांगितलं तर सल्ला नेमका मिळतो. नंतर पापं. क्रम विसरलात तर तसं सांगा, फादर हात धरून नेतात. ते मध्ये एखाददुसरा प्रश्न विचारतील, तो प्रकार किंवा संख्या कळण्यापुरता असतो. मग ते थोडं बोलतात आणि प्रायश्चित्त देतात: काही प्रार्थना, एखादं स्तोत्र, दानधर्म, कुणाची सेवा. दिलेलं प्रायश्चित्त जमण्यासारखं नसेल तर तिथेच सांगा, बदलून मिळतं. यानंतर पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ नसेल तर चिठ्ठीवरून वाचा किंवा स्वतःच्या शब्दांत म्हणा.

शेवटी फादर उजवा हात पुढे धरून पापमुक्तीची प्रार्थना म्हणतात. १९७३ च्या विधीपुस्तकातली ही प्रार्थना लहान आहे पण भरलेली. दयाळू पिता, पुत्राचं मरण आणि पुनरुत्थान, पापांच्या क्षमेसाठी पाठवलेला पवित्र आत्मा आणि चर्चची सेवा, हे सगळं त्यात आधी येतं आणि मग ‘मी तुला पापमुक्त करतो’ हे शब्द. नीट ऐका. क्षमा आपल्या कबुलीच्या टापटिपीवर उभी नाही हे त्या क्रमातच सांगितलं आहे. आपण ‘आमेन’ म्हणायचं. माझं सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास आटोपलं. बाहेर आल्यावर काही विशेष वाटलं का? खरं सांगायचं तर थकवा जास्त वाटला. कुणाला हलकं वाटतं, कुणाला काहीच वाटत नाही. त्यावरून संस्कार लागू पडला की नाही हे ठरत नाही.

बिघडतं कुठे, तर मुख्यतः लपवण्यात. एखादं गंभीर पाप आठवत असून मुद्दाम गाळलं तर ते संपूर्ण पापनिवेदन निष्फळ होतं. पुढच्या वेळी गाळलेलं सांगायचं आणि त्याबरोबर सांगितलेली बाकीची गंभीर पापंही पुन्हा सांगायची. विसरून राहिलं तर तसं नाही. उलट्या बाजूचा बिघाड म्हणजे अतिरेकी खंत. क्षमा झालेलं पाप दरवेळी नव्याने सांगणं, ‘नीट सांगितलं नसेल’ म्हणून दर आठवड्याला नवे फादर शोधणं. असं होत असेल तर एकच फादर धरून त्यांचंच ऐकणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

गुप्ततेबद्दल शंका घेऊन बरेच जण थांबतात. ९८३ व्या कलमानुसार धर्मगुरूने शब्दाने, खुणेने, कुठल्याही कारणासाठी पापनिवेदनात ऐकलेलं उघड करायचं नाही. थेट उघड केलं तर तो त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे राखलेला आहे. २०१९ मध्ये रोमच्या प्रायश्चित्त न्यायालयाने (पापनिवेदनाच्या बाबी पाहणाऱ्या पोपच्या कार्यालयाने) हेही स्पष्ट केलं की गुन्हेगाराने पोलिसांपुढे हजर व्हावं अशी अट घालून पापमुक्ती अडवता येत नाही. फादर तसं सुचवू शकतात, आग्रहही धरू शकतात, पण अट नाही.

क्षमेचं काम १ एप्रिलला संपलं. दुसरा हिशेब तिथून सुरू होतो. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १४५९ वा परिच्छेद सांगतो की पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने केलेला विस्कोट त्यामुळे निस्तरत नाही. १४७२ व्या परिच्छेदात पुढचं आहे: हे परिणाम म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड नव्हे, ते पापाच्या स्वभावातूनच निघतात. एक विस्कोट आपल्या आत, ओढ आणि सवय म्हणून. दुसरा बाहेर, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे.

बाहेरच्याचे नियम बरेच व्यवहारी आहेत. लेवीयच्या सहाव्या अध्यायात लुबाडलेली वस्तू पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. जक्कय येशूपुढे चौपट द्यायला उभा राहतो, लूक १९. आज चर्च चौपट मागत नाही, पण घेतलेलं परत करणं चुकत नाही. मालक हयात असेल तर मालकाला, नसेल तर वारसांना, कुणीच सापडत नसेल तर गरिबांना. एकदम जमत नसेल तर हप्त्याने. आज ऐपत नाही म्हणून देणं रद्द होत नाही, फक्त लांबतं. स्वतःचं नाव उघड करायची सक्ती नाही. निनावी पाठवता येतं, काही वेळा फादरांमार्फतही. ही चौकशी पापनिवेदनातच करून घ्या, कारण बाहेर आल्यावर फादर आपणहून तो विषय काढू शकत नाहीत.

पैशापेक्षा अवघड म्हणजे दुसऱ्याचं नाव. खोटा आळ घेतला असेल तर ज्यांना सांगितलं त्यांना ‘ते खोटं होतं’ असं सांगावं लागतं. गोष्ट खरी असून विनाकारण पसरवली असेल तर ती खोटी होती असं म्हणता येत नाही, कारण ते नवं खोटं होईल. मग उरतं ते त्या माणसाचं जे चांगलं खरोखर आहे ते त्याच लोकांपुढे बोलणं आणि तो विषय आपल्यापुरता बंद करणं. हे काम सगळ्यात हळू चालतं, आणि त्यातलं काही कधीच भरून येत नाही.

२०२५ हे ज्युबिली, म्हणजे कॅथलिक चर्चचं विशेष कृपेचं, वर्ष होतं, त्यामुळे त्या काळात ‘पूर्ण दंडमाफी मिळते, मग पापनिवेदन कशाला’ हेही ऐकू आलं. दंडमाफी पापाची नसतेच. क्षमा झालेल्या पापाच्या मागे उरलेल्या शिक्षेची असते. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेणं, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची कुठलीही ओढ मनात न ठेवणं या तिच्या अटी आहेत. शेवटची वाचली की तिला स्वस्त म्हणवत नाही. आणि तिने शेजाऱ्याचे पैसेही फिटत नाहीत.

एक गोष्ट पापनिवेदनात सुटत नाही, ती कार्यालयात सुटते. लग्न फक्त नोंदणी पद्धतीने झालेलं असेल, किंवा आधीचं लग्न चर्चच्या दृष्टीने अजून बांधील असेल, तर जाळीआड सांगून भागत नाही. पहिल्या बाबतीत विवाह चर्चमध्ये वैध करून घ्यावा लागतो. त्यासाठी जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चचा नवा दाखला लागतो, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला. घरातला जुना दाखला चालत नाही, कारण लग्नाची वगैरे नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरच्या समासात होते आणि त्यांना ती ताजी हवी असते. जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर बिशपांकडून सूटही घ्यावी लागते. दुसऱ्या बाबतीत प्रकरण धर्मप्रांताच्या (बिशपांच्या क्षेत्राच्या) विवाह न्यायालयात जातं आणि वेळ बराच लागतो. दोन्हींत पहिली पायरी धर्मग्रामाच्या मुख्य फादरांची भेट. पापनिवेदनाआधीच ती घेतली तर आत गेल्यावर धक्का बसत नाही.

ईस्टर झाल्यावर, यादी फाडून टाकल्यावर, जुनं काहीतरी हटकून आठवतं. प्रामाणिकपणे विसरलेलं ते बाकीच्याबरोबर माफ झालेलंच आहे. परत धावत जायची गरज नाही, आणि तेवढ्यासाठी ख्रिस्तप्रसाद घ्यायचं थांबायचीही नाही. ते गंभीर असेल तर पुढच्या पापनिवेदनात ‘मागच्या वेळी राहून गेलं होतं’ एवढं म्हणून सांगून टाकायचं.